औटातली दारू आणि पीएसएलव्ही: मधे नेमकं काय बदललं?

सांगली जिल्ह्यातल्या कवठेएकंदच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या गावात दसऱ्याला पालखीपुढे दारूकाम होतं, लाकडी नळीत दारू ठोकून भरलेले औट उडतात. टिपूच्या काळात आपल्याकडे लोखंडी रॉकेटं होती, तेव्हा इंग्रजांकडे तशी नव्हती. मग आपण मागे कसे पडलो? औटातली दारू आणि पीएसएलव्ही या इस्रोच्या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटातलं इंधन यात खरा फरक किती? आणि मेकॅनिकलला राहून या क्षेत्रात जायचं असेल तर काय शिकू?"

माझी सगळी नोकरी दाबाची भांडी तपासण्यात गेली. सुरुवात आपल्या भागातल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरपासून झाली, पुढची बरीच वर्षं रॉकेट मोटरच्या पोलादी कवचांवर. त्यामुळे हा सगळा इतिहास मी एकाच बाजूने पाहत आलो आहे, आणि ती बाजू पुस्तकांत सहसा दोन ओळींत संपते. दारू माणसाला हजार-अकराशे वर्षांपूर्वीच सापडली होती. रॉकेट पुढे सरकलं ते प्रत्येक वेळी कोणीतरी त्या आगीला कोंडून धरणारं अधिक चांगलं भांडं बनवलं म्हणून. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीत आहेत.

आधी फरकाचं बोलू, कारण तिथे आकडेच उत्तर देतात.

सोरा, गंधक आणि कोळसा. तुमच्या गावच्या दारूत हेच, चीनमध्ये तेराव्या शतकात युद्धात वापरलेल्या अग्निबाणांत हेच, टिपूच्या रॉकेटातही हेच. या दारूचा वायू नॉझलमधून, म्हणजे रॉकेटच्या मागच्या तोंडातून, बाहेर पडतो तो साधारण सेकंदाला 800 मीटर वेगाने. आता उपग्रह कक्षेत ठेवायचा तर त्याला सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर वेग द्यावा लागतो, आणि वाटेत गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध जे खातात ते धरून रॉकेटला 9.4 किलोमीटरच्या आसपास कमाई करावी लागते. रशियातल्या कालुगा गावचा शाळामास्तर कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की याने 1903 मध्ये जे समीकरण छापलं ते सांगतं की सुरुवातीचं वजन आणि शेवटचं वजन यांचं गुणोत्तर या दोन वेगांच्या भागाकारावर ठरतं, आणि तेही घातांकाने. 9400 भागिले 800 म्हणजे पावणेबारा. ई चा, म्हणजे 2.718 चा, पावणेबारावा घात काढ. उत्तर सव्वा लाखाच्या पुढे जातं. म्हणजे दारूच्या जोरावर 1 किलो वस्तू कक्षेत न्यायची तर सव्वा लाख किलोहून जास्त दारू लागेल, आणि त्या दारूला धरणारं नळकांडं त्या एका किलोतच बसवावं लागेल. अर्थात हे अशक्य आहे. कितीही मोठा औट बांधला तरी.

पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात जे घन इंधन आहे त्याचा वायू निर्वात जागेत सेकंदाला सुमारे 2600 मीटरने बाहेर पडतो. तोच हिशोब केला तर गुणोत्तर 37 वर येतं. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनला 4400 मीटर धरले तर साडेआठवर. बघ, सव्वा लाख, मग 37, मग साडेआठ. वेग साडेपाचपट झाला, पण वजनात पडलेला फरक हजारोंच्या पटीत आहे. रॉकेटवाले वेगाच्या शंभर-दोनशे मीटरसाठी आयुष्य का घालवतात ते या घातांकात आहे.

पण इंधन तगडं झालं की ते जास्त तापतं, जास्त दाब करतं, आणि भांड्यावर येतं. म्हणून आता भांड्याकडे वळतो.

चिनी अग्निबाण कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत भरलेले असत. कागद फार दाब सोसत नाही. दाब कमी राहिला की वायूचा वेगही कमी आणि पल्लाही कमी. मराठ्यांच्या फौजेतही असे दारूचे बाण होते, ते सोडणारे बाणदार होते. शत्रूच्या घोड्याहत्तींत धावपळ उडवायला ते चांगले पडत. हैदर अलीच्या आणि टिपूच्या म्हैसूरमध्ये जे वेगळं झालं ते नळीचं. तिथल्या कारागिरांनी मऊ घडीव लोखंडाचं नळकांडं केलं, साधारण 20 सेंटिमीटर लांब, 4 ते साडेसात सेंटिमीटर व्यासाचं, एका बाजूने बंद, आणि ते लांब बांबूला किंवा तलवारीच्या पात्याला चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलं. दारू जवळपास तीच. लोखंडाने दाब जास्त धरला, म्हणून पल्ला दीड-दोन किलोमीटरपर्यंत गेला. 10 सप्टेंबर 1780 ला पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या इंग्रज पलटणीचा धुव्वा उडाला, त्यात म्हैसूरच्या रॉकेटांचा मोठा वाटा होता. 2018 साली शिवमोगा जिल्ह्यातल्या नगर इथे एका जुन्या विहिरीतून अशी हजाराहून जास्त गंजलेली नळकांडी निघाली. हजारावर नग एका जागी सापडतात तेव्हा तो कोणा एकाचा छंद नव्हता, तो साठा होता, आणि साठ्यामागे लोहारांची शाळा होती असंच मी मानतो.

आता मागे का पडलो. 1799 च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि रॉकेटांचे नमुने इंग्लंडला वूलविचच्या शस्त्रागारात गेले. तिथे विल्यम काँग्रीव्हने 1804 पासून काम सुरू केलं. त्याने नवी दारू शोधली नाही. त्याने दारूचे दाणे सारखे केले, ती यंत्राने एकसारखी ठोकून भरली, पत्र्याचं नळकांडं ठरलेल्या मापाचं केलं, आणि प्रत्येक बदलानंतर किती अंतर गेलं ते मोजून लिहून ठेवलं. त्याचं 32 पौंडी रॉकेट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास जाई. 1807 मध्ये इंग्रजांनी त्याच रॉकेटांनी कोपनहेगन जाळलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे: त्या काळात युरोपात जो सोरा जात होता त्याचा फार मोठा भाग बंगाल-बिहारमधून जात होता. दारूचा मुख्य माल आपला होता. लोखंडी नळीची कल्पना आपली होती. घडवणारे हात आपले होते. आपल्याकडे नव्हता तो कागद. म्हैसूरच्या लोहाराला कुठल्या लोखंडाची नळी फुटते आणि कुठल्याची टिकते हे नक्की माहीत असणार, पण ते ज्ञान बापाकडून पोराकडे गेलं, नकाशावर आणि वहीत उतरलं नाही. राज्य बुडालं, कारखाना उठला, कारागीर पांगले, आणि ज्ञानही पांगलं. वूलविचमध्ये माणूस मेला तरी ड्रॉइंग राहिलं. पुढे शंभरेक वर्षं परक्या सत्तेत आपल्याकडे असा कारखाना उभा राहायला वावच नव्हता. किर्लोस्करवाडी 1910 ची, टाटांचं जमशेदपूरचं पोलाद त्यानंतरच्या दोन वर्षांतलं. तोवर जर्मनी आणि अमेरिका पोलादात किती पुढे गेली होती ते पाहिलं की "आपण मागे पडलो" यात आपल्या बुद्धीचा दोष शोधायची गरज राहत नाही.

काँग्रीव्हनंतर विल्यम हेलने 1844 मध्ये वायूच्या धारेलाच तिरपं करून रॉकेट गरगर फिरतं ठेवलं, त्यामुळे लांब काठी गेली. पण तेवढ्यात तोफांच्या नळीत आटे पडले, तोफ अचूक झाली आणि रॉकेट सैन्यातून जवळपास बाद झालं. दारूच्या रॉकेटाची मजल तिथेच संपली.

पुढचं दार उघडलं ते रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकन प्राध्यापकाने, आणि त्याने उघडलेली दारं दोन आहेत. लोक दुसरं लक्षात ठेवतात. पहिलं नॉझलचं. दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र बनवणारा गुस्ताफ दे लाव्हाल हा स्वीडिश इंजिनिअर. ते यंत्र फिरवायला त्याने वाफेचं टर्बाइन केलं आणि वाफेसाठी आधी निमुळतं होऊन मग पुन्हा रुंद होणारं नॉझल बसवलं. निमुळत्या गळ्यात वायू ध्वनीच्या वेगाला पोचतो, आणि पुढे रुंद भागात गेल्यावर, आपल्या अंदाजाच्या उलट, आणखी वेग घेतो. गोडार्डने हे नॉझल रॉकेटला लावून मोजलं. साध्या दारूच्या रॉकेटची कार्यक्षमता दोन-अडीच टक्के होती, ती या नॉझलने आणि चांगल्या इंधनाने 60 टक्क्यांच्या पुढे गेली. तुझ्या औटाला फक्त भोक असतं, गळा आणि घंटा नसते. तिथेच बहुतेक जोर हवेत वाया जातो.

दुसरं दार 16 मार्च 1926 चं. मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी त्याच्या नात्यातल्या एका बाईच्या शेतात पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजनवरचं पहिलं रॉकेट उडालं. अडीच सेकंद, साडेबारा मीटर उंची, 56 मीटर लांब कोबीच्या वाफ्यात पडलं. सहा वर्षं आधी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्याची खिल्ली उडवली होती की याला शाळेतलं भौतिकशास्त्र कळत नाही, निर्वातात रॉकेट कशाला रेटा देणार. त्या पत्राने चूक कबूल केली ती 17 जुलै 1969 ला, अपोलो-11 चंद्राच्या वाटेवर असताना. गोडार्ड 1945 मध्येच वारला होता.

द्रव इंधनाचा फायदा काय, तर इंधनाच्या टाकीला मोठा दाब सोसावा लागत नाही. टाकी पातळ, हलकी. मोठा दाब फक्त एका छोट्या ज्वलनकक्षात. पण मग इंधन त्या कक्षात दाबाने घुसवणार कोण? त्यासाठी पंप. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या व्ही-2 रॉकेटचा जीव त्या पंपात होता. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेवर फिरणारं टर्बाइन, त्याच दांड्यावर दोन सेंट्रिफ्यूगल पंप, आणि सेकंदाला सुमारे 125 किलो अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन कक्षात. किर्लोस्करवाडीला जो पंप तू कॉलेजच्या सहलीत पाहिला असशील, तत्त्व अगदी तेच, फक्त वजन किती कमी करायचं याची मर्यादा जीवघेणी.

आणि आग 2700 अंश सेल्सियसच्या आसपास, तर पोलाद 1500 ला वितळतं. व्ही-2 च्या कक्षाची भिंत दुहेरी होती. मधून थंड अल्कोहोल फिरून मग आत जळायला जाई. शिवाय भिंतीतल्या बारीक छिद्रांच्या ओळींतून थोडं अल्कोहोल आतल्या अंगाने झिरपत ठेवलं होतं. तो पातळ थर आगीला भिंतीला भिडू देत नसे. ज्याने आग पेटवायची त्यानेच भांडं वाचवायचं, ही युक्ती आज चंद्रावर जाणाऱ्या इंजिनातही आहे. 3 ऑक्टोबर 1942 ला पेनेम्युंडेहून ते रॉकेट 80 किलोमीटरच्या पुढे उंच गेलं.

पण व्ही-2 चं कौतुक करताना मला पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती रॉकेटं डोराच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत करून घेतली. उपासमारीने, मारहाणीने, फाशीने तिथे जितकी माणसं मेली तितकी ती रॉकेटं लंडन-अँटवर्पवर पडूनही मेली नाहीत. ज्याने ती छावणीच्या मजुरीवर बनू दिली तो वेर्नर फॉन ब्राउन पुढे अमेरिकेत सन्मानाने राहिला. तंत्र शिकताना त्या कारखान्याचा हा हिशोबही शिकायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पुढचे टप्पे तुला पाठच असतील. सोव्हिएत इंजिनिअर सर्गेई कोरोल्योव्हचं आर-7 रॉकेट, 4 ऑक्टोबर 1957 चा स्पुटनिक, 12 एप्रिल 1961 चा गागारिन. आर-7 बद्दल एकच सांगतो. एक मोठा कक्ष केला की आत ज्वाला थरथरू लागे आणि कक्ष फाटे. रशियनांनी वाट काढली: एका पंपावर चार छोटे कक्ष. म्हणून आर-7 च्याच घराण्यातल्या सोयूझ रॉकेटच्या बुडाशी इतकी तोंडं दिसतात. अमेरिकनांनी चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न-5 साठी उलटं केलं, एकाच अजस्र कक्षाचं एफ-1 इंजिन, प्रत्येकी सुमारे 690 टन रेटा, आणि अशी पाच. तीच थरथर तिथेही आली. त्यांनी चालू इंजिनाच्या कक्षात मुद्दाम छोटे बाँब फोडले, थरथर किती वेळात विझते ते पाहिलं, आणि इंधन फवारणाऱ्या तबकडीवर तांब्याच्या आडव्या-उभ्या भिंती घालून ती काबूत आणली. इंधन बदललं नाही, भांड्याची आतली रचना बदलली.

आता घन इंधनाकडे परत येतो, कारण ते तुझ्या औटाचं थेट वारस आहे आणि माझं स्वतःचं क्षेत्रही.

कॅलिफोर्नियात जॅक पार्सन्सने 1942 मध्ये डांबर वितळवून त्यात ऑक्सिजन देणारं क्षार मिसळलं आणि ते नळीत ओतलं. दारू ठोकून भरण्याऐवजी इंधन ओतून थिजवायचं ही कल्पना तिथून आली. डांबराच्या जागी पुढे रबर आलं. आज पीएसएलव्हीत आहे ते अमोनियम परक्लोरेटचे दाणे आणि ॲल्युमिनियमची भुकटी, एचटीपीबी नावाच्या रबरात मळलेली. आपल्याकडे थुंब्यात आणि नंतर श्रीहरिकोट्यात घन इंधनाचं हे काम उभं करणाऱ्यांत डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. मराठी मुलांना त्यांची आठवण मॉन्सूनच्या अंदाजासाठी जास्त आहे. माझ्या मते त्यांचं इंधनाचं काम त्याहून मोठं.

ठोकून भरणं आणि ओतणं यात फरक का पडतो ते नीट समजून घे. घन इंधन पृष्ठभागावरून आत जळत जातं, सेकंदाला काही मिलिमीटर. जेवढा पृष्ठभाग उघडा तेवढा वायू, आणि जेवढा वायू तेवढा दाब. दारू ठोकताना आत भेग राहिली, किंवा दारू आणि नळीची भिंत यांच्यात फट राहिली, तर आग त्या फटीत शिरते. क्षणात जळणारा पृष्ठभाग कितीतरी पट होतो, दाब उसळतो, नळी फुटते. दारूकामात उडायचं ते जागच्या जागी फुटतं ते बहुतेक वेळा याचमुळे. 139 टन इंधनाच्या पहिल्या टप्प्यातही धोका अक्षरशः हाच. म्हणून कवचाच्या आत रबराचा थर, त्यावर चिकटवणारा लेप, मग इंधन, आणि हे सगळं एकमेकांपासून कुठे सुटलेलं नाही ना ते एक्स-रेने आणि अल्ट्रासोनिकने पाहायचं. रबरासारखं इंधन लवचिक असतं, थंडी-उन्हात आकसलं-फुगलं तरी तडकत नाही. एचटीपीबीचा खरा मोठेपणा मी यात मानतो, नुसत्या वेगात नाही. मधल्या पोकळीचा आकार चांदणीसारखा ठेवून जळणारा पृष्ठभाग वेळेनुसार किती राहील तेही आधी ठरवता येतं.

आणि कवच. हे मी जवळून सांगू शकतो.

पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास 2.8 मीटर, जळताना आतला दाब वातावरणाच्या पन्नास-साठपट. नळीच्या भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी, हे तू दुसऱ्या वर्षात शिकला आहेस. दाब 5.9 मेगापास्कल, त्रिज्या 1400 मिलिमीटर, जाडी 8 मिलिमीटर घेऊन बघ. हजाराच्या वर मेगापास्कल येतात. आपल्या फॅब्रिकेशन शॉपमधलं साधं माइल्ड स्टील 250 ला ताणून वाकडं होतं. ते वापरायचं तर सुरक्षेची सूट धरून भिंत पाच-सहापट जाड करावी लागेल, आणि मग रॉकेट स्वतःचंच वजन वाहत बसेल. म्हणून मॅरेजिंग स्टील. यात कार्बन जवळजवळ नाही, 18 टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. मऊ अवस्थेत वाकवायचं, वेल्ड करायचं, मग 480 अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायचं. भट्टीतून निघालं की त्याची ताकद 1700 मेगापास्कलच्या वर. उपग्रह सोडणारं आपलं पहिलं रॉकेट एसएलव्ही-3, त्याच्या पहिल्या टप्प्याचा व्यास एकच मीटर होता, त्याला साधं मिश्र पोलाद चाललं. व्यास पावणेतीनपट झाला की त्याच दाबाला, त्याच जाडीला ताणही पावणेतीनपट होतो. वजनाचं गणित मग जमेना, आणि हे पोलाद हैदराबादच्या मिधानी या सरकारी धातू कारखान्यात आपल्याकडेच बनवावं लागलं. बाहेरून कोणी सुखासुखी देत नव्हतं. त्याची कवचं घडवायला ज्या खासगी कारखान्यांनी हात घातला त्यात आपल्या शेजारचं, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर होतं. सांगलीचं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्याच शेठ वालचंद हिराचंदांनी वसवलेलं गाव.

या पोलादाचा एक स्वभाव असा की ते जितकं बळकट तितकं भेगेला असहिष्णु. माइल्ड स्टीलच्या वेल्डात बारीक पोकळी राहिली तर आजूबाजूचा धातू ताणून तिला सामावून घेतो. मॅरेजिंगमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरची भेग वाढत जाऊन एका झटक्यात सगळं कवच उघडू शकते. वेल्डरच्या हातमोज्याचं तेल, तारेवरचा ओलावा, आर्गॉन वायूतली जराशी हवा, यातलं काहीही पुरतं. म्हणून प्रत्येक जोडाची एक्स-रे फिल्म अंधाऱ्या खोलीत, उजेडाच्या पेटीवर, भिंगाखाली वाचायची. पोकळी गोल, मऊ कडेचा काळा ठिपका म्हणून दिसते. जोड न मिसळलेला असेल तर सरळ काळी रेघ. भेग असेल तर केसासारखी, नागमोडी, आणि फिल्मचा कोन चुकला तर दिसतच नाही. तेव्हा तिथेच अल्ट्रासोनिक लावायचं. माझं शिकणं बॉयलरवर झालं, पण बॉयलरला चालणारा ठिपका इथे चालत नाही, हे डोळ्यात मुरायला वेळ लागतो.

शेवटची परीक्षा पाण्याची. कवच पाण्याने भरून चालत्या दाबापेक्षा जास्त दाब द्यायचा. पाणीच का, तर ते दाबाखाली फारसं आकसत नाही, त्यामुळे त्यात साठलेली ऊर्जा थोडी असते. तेच हवेने केलं आणि कवच गेलं तर ते बाँबसारखं जाईल. भिंतीवर धातू किती ताणला ते मोजणारे स्ट्रेन गेज चिकटवलेले, आणि धातूतली भेग वाढताना जो कानाला न ऐकू येणारा आवाज करते तो टिपणारे सेन्सर. दाब टप्प्याटप्प्याने चढतो, प्रत्येक टप्प्याला थांबायचं, सेन्सर शांत आहेत ना ते पाहायचं, मग पुढे. त्या वेळी खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही.

भांड्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते 28 जानेवारी 1986 ला जगाने पाहिलं. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या घन बूस्टरच्या दोन खंडांमधल्या सांध्यात रबराच्या ओ-रिंग होत्या. रात्र गोठवणारी गेली, रबर कडक झालं, सांधा दाबाने किंचित उघडला तेव्हा रिंग लगेच फुगून बसली नाही. त्या फटीतून ज्वाला बाहेर आली आणि 73 व्या सेकंदाला यान मोडलं. सात माणसं गेली. इंधनात काही खोट नव्हती, आणि थंडीत ही रिंग दगा देईल असं सांगणारे इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते.

आपली वाट तुला माहीत आहे, तरी सांध्यांपुरती सांगतो. 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकन होतं. चार वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1967 ला, आपलं आरएच-75 उडालं, व्यास 75 मिलिमीटर. तुमच्या गावच्या दारूकामातल्या नळीच्या मापाचंच. 10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 समुद्रात गेलं, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह अडकून ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा द्रव, गळून गेला म्हणून. 18 जुलै 1980 ला त्याच जातीचं पुढचं यान 35 किलोचा रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत पोचलं. द्रव इंधनाचं विकास इंजिन फ्रेंच व्हायकिंगवरून शिकलो. त्यासाठी 1974 च्या करारानंतर आपले इंजिनिअर फ्रान्समध्ये जाऊन काम करून, शिकून आले. क्रायोजेनिकचं, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावरच्या इंजिनाचं, ज्ञान मात्र रशियाकडून मिळणार होतं ते 1993 मध्ये अमेरिकेच्या दबावाने अडलं, तयार इंजिनं तेवढी मिळाली. स्वतःचं करायला वीस वर्षं गेली. हायड्रोजन उणे 253 अंशांना द्रव राहतो, त्या थंडीत साधं पोलाद काचेसारखं तडकतं, आणि हायड्रोजनचा रेणू इतका बारीक की जिथे पाणी-हवा थांबते तिथून तो निसटतो. ऑगस्ट 2013 मध्ये जीएसएलव्ही-डी5 या रॉकेटचं उड्डाण शेवटच्या तासा-दोन तासांत थांबवलं, दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसलं म्हणून. टाकीच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत भेग होती. दुसऱ्या मिश्रधातूची नवी टाकी बसवली आणि 5 जानेवारी 2014 ला ते यान आपल्या क्रायोजेनिक इंजिनावर यशस्वी झालं. वर्तमानपत्रांनी इंजिनाचं कौतुक केलं, ते रास्तच. मला त्या टाकीचा मिश्रधातू बदलणाऱ्यांचा धीर जास्त मोठा वाटतो, कारण उड्डाण थांबवायला उड्डाण करण्याहून जास्त बळ लागतं.

सध्या जे चाललंय तेही भांड्याचंच. 2022 मध्ये उडालेलं खासगी रॉकेट विक्रम-एस कार्बन धाग्यांच्या कवचाचं होतं, चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने 2024 मध्ये थ्रीडी प्रिंटरवर एकाच तुकड्यात छापलेलं इंजिन उडवलं, अमेरिकेत स्टारशिप रॉकेटच्या टाक्या चक्क स्टेनलेस स्टीलच्या आहेत. डिसेंबर 2015 पासून अमेरिकेच्याच फाल्कन-9 रॉकेटचा पहिला टप्पा परत उतरतो तेव्हा खरा प्रश्न हाच असतो की एकदा तापून-ताणून आलेलं भांडं पुन्हा कितीदा वापरता येईल.

तर काय शिकायचं. मेकॅनिकल सोडू नकोस. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि धातुशास्त्र हे दोन विषय पास होण्यासाठी नाही तर गणितं स्वतः मांडता येईपर्यंत कर. भेगेचं शास्त्र, म्हणजे फ्रॅक्चर मेकॅनिक्स, अभ्यासक्रमात नसेल तरी वाच. वेल्डिंग स्वतःच्या हाताने शीक, टिग आधी. विनाविध्वंस तपासणीची लेव्हल-2 पात्रता तुला पदवीबरोबर मिळवता येते, रेडिओग्राफी आणि अल्ट्रासोनिक दोन्ही. गेट द्यायची तर दे, इस्रोची स्वतःची भरतीही असते, पण पुण्याच्या पाषाणला स्फोटकं आणि रॉकेटवर काम करणाऱ्या संरक्षण प्रयोगशाळा आहेत त्याही विसरू नकोस. पिनाक रॉकेट तिथलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरी दारू मिसळून, पाइपात भरून प्रयोग करू नकोस, लोखंडी पाइपात तर मुळीच नाही. तुमच्या गावाने दारूकामात माणसं गमावली आहेत, तुला वेगळं सांगायला नको. त्याऐवजी गावातले जे जुने जाणते दारूकाम करणारे आहेत त्यांच्याजवळ वही घेऊन बस. नळी कोणत्या लाकडाची, किती वाळवलेली, भोक किती, कुठली फुटते, फुटली तर कुठून फुटते, कोणत्या महिन्यातल्या हवेत जास्त फुटते, हे सगळं मापासकट, तारखेसकट लिहून काढ. तुझ्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला सुचत नाही, आणि त्या फुटलेल्या नळीचे तुकडे जमले तर आणून दाखव, भेग कुठून सुरू झाली ते आपण भिंगाखाली पाहू.